टेकू

या अंकासाठी काय लिहिणार, असे मराठीच्या सरांनी वर्गात विचारले तेव्हा मी "टेकू" एवढेच उत्तर दिले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे सरकारला देतात तो?" वर्ग हसला. मीही हसले. पण मला जो टेकू म्हणायचा होता तो बंदुकीखाली लावतात तो. मुलीने लिहावे असा हा विषय नव्हे, असे एका मैत्रिणीचे मत पडले. असेल. पण आमच्या घरात या टेकूवरून जेवढे बोलणे झाले तेवढे माझ्या लग्नावरूनही अजून झालेले नाही. म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षाला असताना मी एन.सी.सी.च्या शिबिराला गेले होते. तिथे पॉइंट टू-टू रायफलीचे फायरिंग होते. पालथे पडायचे, समोर वाळूचे छोटे पोते, पंचवीस यार्डांवर कागदाचे लक्ष्य आणि हातात पाच गोळ्या. सैन्यातून शिकवायला आलेल्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. त्यांनी "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन" हे तीन मंत्र पाठ करून घेतले होते. माझ्या आधीच्या मुलीने रायफलीची नळीच पोत्यावर ठेवली आणि ओरडा खाल्ला. माझी पाळी आली. मी डावा हात पोत्यावर उताणा ठेवला, तळव्यात रायफलीचे लाकूड घेतले, डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि डोळे उघडले. मग पोते थोडे डावीकडे सरकवले.

उस्ताद वाकून म्हणाले, "ये किसने सिखाया?"

मी म्हणाले, "आजोबांनी."

"फौज में थे?"

"नाही सर. भात राखायचे."

त्यांना ते कळले नसावे. पाच गोळ्यांची छिद्रे एका वाटीत मावतील एवढ्या जागेत पडली होती. ती काही फार मोठी गोष्ट नव्हे, माझ्याहून चांगले ग्रुपिंग दोघींचे होते. पण मला त्या दिवशी प्रथमच वाटले की घरून येताना मी अगदीच रिकाम्या हातांनी आलेले नाही. महाविद्यालयात आल्यापासून प्रत्येक गोष्ट मला नवीन होती. ग्रंथालयातून पुस्तक मागताना कार्ड कुठल्या खिडकीत द्यायचे इथपासून. आमच्या घरातून कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. आणि इथे एक गोष्ट अशी निघाली, की जी मला आधीपासून येत होती.

आमचे गाव मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या वाटेवर आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात सर्वांनी वाचले आहे. सत्याग्रह संपला, धरण झाले, खोऱ्यातली सपाट खाचरे पाण्याखाली गेली. आमचे पूर्वज वर सरकले. त्यामुळे आमची शेती ही डोंगराच्या पोटावरची शेती. खाली चार खाचरांत भात, पूर्वी आंबेमोहर, आता बहुतेक इंद्रायणी. वर उतारावर नाचणी आणि वरई. आणि त्याच्याही वर रान. भात निसवून दाण्यात दूध भरू लागले की रानडुकरे उतरतात. डुकरे खातात थोडे आणि लोळून, उकरून नासतात जास्त. एका रात्रीत खाचर असे दिसते की कोणी त्यात कुस्त्या खेळले असावे.

त्यासाठी आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. मुलांना शहरात हे सांगितले की ती "शिकार?" असे डोळे मोठे करून विचारतात. शिकार नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारायचे झाले तरी वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे, हे आबा आम्हांला पुन्हा पुन्हा सांगत. त्यांनी बहुतेक सारे बार डुकरांच्या डोक्यावरून, मोकळ्या बांधाच्या मातीत काढले. एका साली हुकूम मिळाला होता, तेव्हा तीन रात्री जागून त्यांनी एक डुक्कर पाडले. पण भिवविण्याचा बार असला तरी तो नेम धरूनच काढायचा, हा त्यांचा दंडक. "वर हवेत बार काढतो त्याला छरं कुठं उतरत्यात ते ठावं नसतं," असे ते म्हणत. वस्त्या आमच्या वरही आहेत आणि खालीही.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हिच्यात काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, गजाने ठासायची, मग छरे, पुन्हा चिंधी. मागे टोपी बसवायची. घोडा पडला की आधी टोपी वाजते, मग आत दारू पेटते, मग बार निघतो. या तिन्हींत पापणी लवण्याइतका वेळ जातो आणि तेवढ्या वेळात हात हलला की बार भलतीकडे. म्हणून हिला टेकू जास्तच लागतो. अंधारात, उतारावर, पावसात भिजलेल्या माणसाच्या हातात चार किलोचे लोखंड-लाकूड स्थिर राहत नाही. आबा म्हणत, "दमल्याल्या हातावर इस्वास ठेवू ने."

टेकू निवडण्याचे त्यांचे काही नियम होते. त्यांनी ते असे ओळीने कधी सांगितले नाहीत. मी त्यांच्यामागे बॅटरी धरून फिरले त्यात ते गोळा झाले.

पहिला नियम असा की टेकू वेगळा न्यायचा नाही. डोंगरात जे वेगळे न्यावे लागते ते नेमके हवे तेव्हा घरी राहते. म्हणून त्यांची चालायची काठी हाच त्यांचा टेकू होता. बांबू बुळबुळीत, आईन जड, कारवी कचकन मोडणारी. त्यांची काठी धामणीची होती, हलकी आणि वाकेल पण मोडणार नाही अशी. वरच्या टोकाला बेचके, ते उभ्याने टेकायला. आणि त्याच्या खाली दोन वितींवर एका फांदीचा खुंट मुद्दाम राखलेला. उतारावर टाचा रोवून खाली बसले की बंदूक त्या खुंटावर यायची आणि डाव्या हाताच्या एकाच मुठीत काठी आणि बंदूक दोन्ही धरता यायचे. एक काठी पुढे-मागेही डुलते आणि बाजूलाही. वेळ असेल तर दुसरी काठी घेऊन सुतळीने कैची बांधायची, म्हणजे बाजूचे डुलणे थांबते. तीन काठ्या सगळ्यांत पक्क्या, पण उतारावर तिसरा पाय लावीपर्यंत डुक्कर निवांत जेवून जाते.

दुसरा नियम असा की टेकवायचे ते लाकूड, नळी नव्हे. नळी धोंड्यावर टेकवली तर बाराच्या धक्क्याने ती धोंड्यावरून उसळते आणि छरे वरून जातात. धोंडाच वापरायचा झाला तर त्यावर घोंगडीची घडी हवी आणि तीही नसेल तर आपला हात. झाड असेल तर हात झाडाला टेकवायचा आणि बंदूक हाताला. माळ्यावर बसायचे असले की त्यांच्याजवळ भाताच्या तुसाने भरलेली पिशवी असे. तिच्यावर बंदूक ठेवून मूठ मारली की पिशवी बंदुकीच्या आकाराची होई आणि तिला घट्ट धरून ठेवी. शिबिरातले वाळूचे पोते मी त्यांना वर्णन करून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वाळू चांगली. पन डोंगरात कोन वाहनार? तूस बरा."

तिसरा नियम मला सर्वांत आवडतो. टेकू लावला, नेम धरला की डोळे मिटायचे. दोन श्वास घ्यायचे. डोळे उघडायचे. नळीवरची माशी होती तिथेच असेल तर टेकू खरा. सरकली असेल तर समजायचे की बंदूक टेकूवर नाही, आपल्या हट्टावर उभी आहे. मग हाताने बंदूक ओढून नेमावर आणायची नाही, टेकूच सरकवायचा.

मी इथे इतिहास हा विषय घेतल्यावर कळले की युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात बंदूकवाले शिपाई अशीच बेचक्याची काठी बरोबर घेऊन चालत, कारण त्यांच्या बंदुका फार जड होत्या. पुढे बंदुका हलक्या झाल्या तशी ती काठी गेली. आणि आमच्याच तालुक्यातल्या कोराईगडावर तटाला जंग्या आहेत, त्याही एका परीने टेकूच. आड दगडाचा, मारा बाहेर. तो गड मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. शाळेच्या सहलीत आम्ही त्या जंग्यांतून एकमेकींना वाकुल्या दाखवल्या होत्या. आज परदेशांत डोंगरात शिकार करणारे लोक पाठीवरची पिशवीच खाली टाकून तिच्यावर रायफल टेकतात किंवा रायफलीलाच दुमडते दोन पाय बसवतात. म्हणजे तिथेही आबांचाच पहिला नियम : बरोबर असेल तोच टेकू.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. मी मोबाइलवर आबांना ते दाखवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन तऱ्हांनी त्यात नेम धरायचा असतो. आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"याचा टेकू कुठं हाय?"

"आबा, यात टेकू लावायचा नसतो. लावला तर बाद."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हाय की. गुडघ्यावर कोपार टेकलंय. हाडावर हाड ठेवलंय त्यानं." आणि समाधानाने मोबाइल परत दिला.

आता ज्या रात्रीसाठी हे सारे लिहायला घेतले त्या रात्रीविषयी. मी आठवीत होते. आश्विनाचे दिवस, खालचे मोठे खाचर आठवड्यात कापायला आले असते. मी, आबा आणि माझा चुलतभाऊ असे तिघे वरच्या बांधाने उतरत होतो. निसरड्यावर आबांचा पाय गेला. ते पडले नाहीत, पण सारा भार काठीवर आला आणि धामणीची ती काठी खुंटाजवळ मोडली. वाकेल पण मोडणार नाही म्हणून निवडलेली! त्याच वेळी खाली खाचरात खसखस सुरू झाली. मी बॅटरी मारली. पाच-सहा डुकरे, एक मोठा एकुलगा नर. त्या साली लेखी हुकूम हातात होता.

आबांचे हात तेव्हाच कापायला लागले होते. बसायला धड धोंडा नव्हता, सारा चिखल. चुलतभाऊ कुजबुजला, "आबा, हिच्या खांद्यावर ठेवा. ही हलायची नाही."

मी लगेच पुढे होऊन गुडघ्यांवर बसले. खरे सांगते, मला त्यात मोठा मान वाटला. मी श्वास रोखून धरला. खांद्यावर लाकूड येईल म्हणून वाट पाहिली. ते आले नाही.

आबांनी घोडा हलकेच उतरवला आणि टोपी काढून खिशात टाकली. आम्ही ओरडलो, डबे वाजवले. डुकरे थोडी वर गेली आणि आम्ही घरी पोहोचेपर्यंत परत आली. सकाळी अर्धे खाचर लोळवलेले होते. आजीने आबांना जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्या साली आम्ही तांदूळ विकत घेतला. भात पिकवणाऱ्या घराने तांदूळ विकत घेणे म्हणजे काय, हे माझ्या गावाकडच्या वाचकांना सांगायला नको.

दोन दिवसांनी मी आबांना विचारले, "मी हलले नसते. का नाही ठेवली?"

ते नवी काठी तासत होते. म्हणाले, "डुक्कर पडलं असतं गं पोरी. पन कानाशी बार झाला असता. ती रात तुझ्या कानात जलमभर वाजली असती. आपला नेम आन् दुसऱ्याचा खांदा, आसं करू ने."

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणे हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता आणि त्याचा वाक्यात उपयोगही केला होता. तो वाक्प्रचार आधी कोणाच्या तरी खऱ्या खांद्यावरून आला असेल, हे मात्र तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

गेल्या वर्षी माघात आबा गेले. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. निवडणूक आली की ती जमा होतच असे आणि निकालानंतर आबा तिला वरातीसारखी घरी आणीत. या वेळी आणायला कोणी नव्हते. वारसाने नव्याने अर्ज करायचा किंवा परवाना नको असे लिहून द्यायचे. घरात दोन पक्ष पडले. चुलते म्हणाले, बंदूक गेली तर डोंगरावरची जमीनही जाईल. जिथे राखण नाही तिथे पीक नाही, जिथे पीक नाही तिथे जमीन घेणारे येऊन बसतातच. ते खोटे नव्हते. आमच्या शेजारची दोन वावरे तशीच विकली गेली, कुंपण पडले, आत झाडोरा माजला आणि डुकरांना दिवसा लपायला घर झाले.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, काहीच बोलत नव्हते. एका रविवारी मी घरी गेले तेव्हा सारे ओसरीवर बसलेले होते. अण्णा एकदम म्हणाले, "आमची पोरगी कॉलेजात शिकती. ती म्हनती बंदूक नको. कायदे बदलल्यात. आता तिचंच ऐकायचं."

मी असे काहीच म्हटलेले नव्हते. सगळे माझ्याकडे बघू लागले. चुलते म्हणाले, "हां, आता शिकल्याल्या मान्सापुढं आपन काय बोलनार!" आणि उठून गेले. त्यांच्या बोलण्यातला राग माझ्यावर होता.

मला आधी बरे वाटले, हे कबूल करते. ज्या घरात मला कोणी काही विचारीत नव्हते तिथे माझ्या नावाने निर्णय झाला होता. गुडघ्यांवर बसताना वाटला होता तोच मान. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र खांद्यावर काय आले आहे ते कळले. पुढची दहा वर्षे जेव्हा जेव्हा डुकरे भात खातील तेव्हा तेव्हा चुलते म्हणतील, पोरगी शिकली आणि बंदूक घालवली. आणि माझ्यामागून गावातली जी मुलगी महाविद्यालयात जाऊ म्हणेल तिलाही ते ऐकवले जाईल.

सकाळी अण्णा गोठ्यात होते. मी म्हणाले, "अण्णा, नको असा अर्ज मी लिहून देते. अक्षर माझं. पण कारण तुमचं पाहिजे. काकांनाही तुम्हीच सांगायचं."

ते शेण भरीत राहिले. पुष्कळ वेळाने म्हणाले, "मला तिचं भ्या वाटतं."

"कशाचं?"

"बंदुकीचं. आबानं लई शिकीवलं. टेकू लावला तरी माशी हलायची. टेकू चांगला आसायचा गं. मीच आतनं हलायचो." थोडे थांबून ते म्हणाले, "कुनाला सांगितलं न्हाई."

माझ्या वडिलांना भीती वाटते, हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हते. काय बोलावे ते सुचेना. मी पाटी उचलून त्यांच्या डोक्यावर दिली.

पुढच्या रविवारी त्यांनी ते काकांना सांगितले. मी समोर नव्हते. काका हसले नाहीत, एवढे आई म्हणाली. काकांना स्वतःला परवाना हवा असेल तर त्यांनी अर्ज करावा असे ठरले. तो त्यांनी केला की नाही, हे अजून कळलेले नाही. मला कोणी विचारले असते तरी माझ्या नावावर परवाना होऊ शकला नसता. त्याला एकवीस वर्षे पुरी लागतात.

या आश्विनात मी तीन शनिवार घरी जाऊन राखणीला बसले. अण्णा डबा वाजवतात, मी बॅटरी मारते. डुकरे पहिल्यासारखी भीत नाहीत. नुकसान झाले, पंचनाम्यासाठी अर्ज केला आहे. आबांची दुसरी काठी आजीने घेतली आहे. खुंट तिच्या हाताला बरोबर येतो असे ती म्हणते.

परवाना नको असल्याचा अर्ज मी लिहिला तो दिवस मात्र लक्षात राहिला आहे. कारणाच्या जागी अण्णांनी सांगितले तेच लिहिले : "मला शस्त्र वापरता येत नाही." सही करायला कचेरीच्या बाहेर जागा नव्हती. कट्ट्यावर गर्दी, भिंत खडबडीत. अण्णांनी कागद हातातच धरला आणि तो हलू लागला. मी माझी इतिहासाची वही त्याच्याखाली धरली. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडून, आपले पूर्ण नाव लिहिले.